इंग्रजीचा तास आणि मुलांचे खेळ

(प्राथमिक शिक्षकांच्या उजळणी वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्राथमिक शाळेच्या पडवीतून जाताना इंग्रजीचा तास कोठे चालू आहे हे ओळखण्यास फारसे कष्ट पडत नाहीत. पंधरा-वीस मुले एका सुरात ‘ए फॉर ॲपल, बी फॉर बॉल’ म्हणत असतात आणि तो सूर पाढ्यांच्या सुराशी तंतोतंत जुळणारा असतो. सफरचंद गोव्याच्या मातीत होत नाही, हा आक्षेप तूर्त बाजूला ठेवावा. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, त्याच वर्गातील एखाद्या मुलाला ‘ब्रिंग मी द चॉक’ असे साधे वाक्य म्हटले तर ते जागचे हलत नाही. प्रथम ते शेजाऱ्याकडे पाहते, मग शिक्षकाच्या चेहऱ्याकडे, आणि शेवटी मान खाली घालते. वर्षभर इंग्रजी घोकलेल्या मुलाला आपल्याशी इंग्रजीत कोणी बोलेल, ही कल्पनाच नसते.

यात मुलाचा दोष नाही. देवनागरी वर्णमालेत अक्षराचे नाव आणि त्याचा उच्चार यांत अंतर नसते. ‘क’ या अक्षराला ‘क’च म्हणतात आणि ते शब्दातही ‘क’च राहते. मराठी शाळेत बसलेले मूल हीच अपेक्षा घेऊन इंग्रजी अक्षरांकडे वळते आणि तेथेच फसते. ‘सी’ नावाचे अक्षर ‘कॅट’मध्ये ‘क’ होते आणि ‘सिटी’मध्ये ‘स’. ‘एच’ या नावात ‘ह’चा मागमूस नाही, तरी ‘हॅट’ त्यानेच सुरू होते. ‘डब्ल्यू’ या नावावरून ‘विंडो’चा पहिला ध्वनी ओळखणे मोठ्या माणसालाही साधणार नाही. म्हणजे सव्वीस अक्षरांची नावे पाठ झाली तरी हाती भाषा लागत नाही; लागतात ती सव्वीस नावे. अक्षरे शिकवावयाची नाहीत असा याचा अर्थ नव्हे. ती आधी शिकवावयाची नाहीत, एवढाच आहे.

आधी काय, याचे उत्तर मुलाच्या अंगणात आहे. गोव्यातील मराठी शाळेत येणारे बहुसंख्य मूल घरी कोकणी बोलते आणि शाळेत मराठी शिकते. दोन भाषांचा व्यवहार ते सहा वर्षांच्या वयात कोणत्याही पुस्तकाविना सांभाळते. बेळगावच्या मराठी शाळेतील मुलाच्या कानावर कन्नड असते, हैदराबादेतील मुलाच्या कानावर तेलुगू आणि दखनी. या भाषा मुलांनी मिळवल्या त्या ऐकून, कृती करून आणि खेळताना. शब्दार्थ पाठ करून नव्हे. इंग्रजीची अडचण अशी की ती बहुतेकांच्या अंगणात नाही. तेव्हा तिचे अंगण वर्गातच तयार करावे लागते, आणि खेळाचे प्रयोजन तेवढेच आहे. खेळ म्हणजे तासाच्या शेवटी उरलेल्या पाच मिनिटांची करमणूक, ही समजूत प्रथम सोडली पाहिजे. ऐकण्याला आणि बोलण्याला कारण निर्माण करणे हे खेळाचे काम. कारण नसताना कोणी बोलत नाही; मूल तर मुळीच नाही.

हा विचार नवा नाही. १९२० साली भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर सुरू केले. पुढे ताराबाई मोडक त्यांच्या कार्यात सहभागी झाल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. परिसरातील वस्तू, कृती आणि भीतिमुक्त वातावरण यांवर उभी असलेली ती बालशिक्षणाची दृष्टी ताराबाई व अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत नेली. परभाषा शिकवताना त्या दृष्टीला रजा देण्याचे काहीच कारण नाही. उलट तेथेच तिची गरज अधिक.

पहिला खेळ सर्वांच्या ओळखीचा आहे. ‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ ज्याने लहानपणी खेळला नाही असा शिक्षक विरळा. ‘शिवाजी म्हणतो, बसा’ म्हटले की बसावयाचे. नुसते ‘बसा’ म्हटले तर बसावयाचे नाही. इंग्रजी मुलखातील मुले हाच खेळ ‘सायमन’च्या नावाने खेळतात. सॅन होजे येथील अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स आशर यांनी १९६० नंतरच्या दशकात परभाषा शिकवण्याची जी पद्धती मांडली, तिचा गाभाही हाच: शिकवणाऱ्याने आज्ञा द्यावी, शिकणाऱ्याने ती शरीराने पाळावी, आणि बोलण्याची सक्ती करू नये. तान्हे मूल बोलू लागण्यापूर्वी कितीतरी महिने ‘दे’, ‘ये’, ‘बघ’ या शब्दांना हातापायांनी उत्तर देत असते, हे निरीक्षण त्यामागे आहे.

वर्गात हा खेळ मांडताना पहिल्या दिवशी तीनच आज्ञा घ्याव्यात: ‘स्टँड अप’, ‘सिट डाउन’, ‘टर्न राउंड’. आरंभी शिक्षकाने आज्ञा देत स्वतः कृती करावी, मुले त्याच्याबरोबर करतील. मग आज्ञा द्यावी पण कृती करू नये. शेवटी आज्ञा एक द्यावी आणि कृती मुद्दाम दुसरीच करावी. ‘सिट डाउन’ म्हणून स्वतः उभे राहावे. येथे मुलाला डोळ्यांवर विसंबता येत नाही, कानावरच विसंबावे लागते, आणि हसण्याच्या गदारोळात खरे श्रवण घडते. दुसऱ्या दिवशी ‘टच युवर नोज’, ‘टच द वॉल’ अशी भर घालावी. महिन्याभरात ‘वॉक टु द डोअर अँड कम बॅक’ इतके लांब वाक्य मुले सहज पेलतात.

मात्र या खेळाचा एक जुना नियम वर्गात मोडला पाहिजे. चुकेल तो बाद, हा तो नियम. अंगणात तो ठीक आहे; शाळेत त्याचा परिणाम उलटा होतो. ज्याला सर्वांत कमी कळते ते मूल सर्वांत आधी भिंतीशी जाऊन बसते, आणि ज्याला सरावाची गरजच नाही ते शेवटपर्यंत खेळते. त्याऐवजी चिंचोक्यांचा एक ढीग मध्ये ठेवावा. सगळा वर्ग बरोबर वागला तर चिंचोका वर्गाचा, कोणी फसले तर शिक्षकाचा. म्हणजे मुले एकमेकांवर मात करू पाहण्याऐवजी शिक्षकावर मात करू पाहतात. चुकलेल्या मुलाला शेजारचे मूल हळूच सांगते. ते सांगणे थांबवू नये; ते शिकवणेच आहे.

दुसरा खेळ ‘तळ्यात-मळ्यात’चा. याचा उपयोग एका विशिष्ट अडचणीसाठी आहे. मराठीत आणि कोकणीत स्थानवाचक प्रत्यय वा अव्यय नामाच्या पाठीमागून येते आणि पुष्कळदा त्याला चिकटते: टेबलावर, खुर्चीखाली, दाराआड. इंग्रजीत ते नामाच्या पुढे आणि सुटे येते, शिवाय मध्ये ‘द’ उभा असतो, ज्याला मराठीत जोडीदारच नाही. त्यामुळे मराठी मूल ‘टेबल ऑन’ म्हणते. तो निष्काळजीपणा नव्हे. ते मराठीच्या नियमाने अगदी शुद्ध बोलत असते. व्याकरणाचा नियम सांगून ही सवय सुटत नाही. अंगणात खडूने एकच रेघ ओढावी आणि तीन हाका ठरवाव्यात: ‘ऑन द लाइन’, ‘बिहाइंड द लाइन’, ‘ओव्हर द लाइन’. तीनही हाकांत नाम एकच असल्याने उडी कोठे मारावयाची हे केवळ पहिल्या शब्दावर ठरते. हाक पुरी होण्याआधीच मुलाचे पाऊल उचलले जाते, आणि त्या उचललेल्या पावलाबरोबर इंग्रजीचा शब्दक्रम अंगी भिनतो. हाक देण्याचे काम चार दिवसांनी मुलांकडेच सोपवावे. ज्या मुलाने वर्गात कधी तोंड उघडले नाही तेही पंधरा जणांना उड्या मारायला लावण्याच्या मोहाने बोलू लागते. सत्तेचा मोह लहानांनाही असतो, आणि येथे तो उपकारक आहे.

आता उच्चारांविषयी. चांगला उच्चार म्हणजे साहेबी उच्चार, असा एक गैरसमज शाळांत आहे आणि त्यापायी अनेक शिक्षक वर्गात इंग्रजी बोलावयास बिचकतात. साहेबी उच्चारांची गरज नाही. ऐकणाऱ्याला शब्द ओळखता यावा इतका स्पष्ट उच्चार पुरे. त्यासाठी काही मोजक्या जागी कान तयार करावा लागतो. मराठीत ह्रस्व-दीर्घ लेखनात आहे, पण बोलण्यात तो भेद पुष्कळदा पुसट होतो; शुद्धलेखनाच्या वह्या तपासणाऱ्यांना हे नव्याने सांगणे नको. इंग्रजीत मात्र ‘शिप’ म्हणजे जहाज आणि ‘शीप’ म्हणजे मेंढी. फळ्याच्या एका बाजूला जहाज, दुसऱ्या बाजूला मेंढी काढावी. शिक्षकाने शब्द उच्चारावा आणि मुलांनी बोट दाखवावे. तसाच ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ यांचा भेद. पहिल्यात ओठांचा चंबू होतो, दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. मराठी लेखनाने ‘वॉटर’ आणि ‘व्हॅन’ असा फरक करून ठेवलाच आहे, तो जिभेवर आणावयाचा. ‘वेस्ट’ ऐकले की समुद्राच्या दिशेला वळावे, ‘व्हेस्ट’ ऐकले की आपल्या बनियनला हात लावावा. गोव्यात पश्चिम कोठे हे मुलांना विचारावे लागत नाही. कोकणी बोलणाऱ्या मुलांना एक सोय निसर्गतःच मिळालेली आहे: कोकणीत ‘ए’ आणि ‘ओ’ यांचे मिटलेले व उघडे असे दोन-दोन उच्चार असून त्यांनी अर्थ बदलतो. ‘ऑ’सारखा स्वर त्यांच्या कानाला परका नसतो. घरची भाषा इंग्रजीच्या आड येते म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

दुसरी गोष्ट आघाताची. मराठी शब्दातील अक्षरे साधारणपणे सारख्या वजनाने उच्चारली जातात. इंग्रजीत एक अवयव ठळक आणि बाकीचे दबते. ‘बनाना’, ‘पोटॅटो’, ‘टोमॅटो’ यांत मधला अवयव ठळक. ‘टेबल’, ‘पेन्सिल’ यांत पहिला. आणि रोजचे ‘हॉटेल’ इंग्रजीत दुसऱ्या अवयवावर जोर घेते. दबलेल्या अवयवाला चुटकी, ठळक अवयवाला टाळी, असा खेळ दोन मिनिटांत होतो. बालगीतांचा खरा उपयोगही येथेच आहे. बर्फाची आणि परदेशी पक्ष्यांची गाणी अर्थ सांगत बसण्यासाठी नसतात. त्यांच्या ठेक्याने जीभ वळते. ज्यात हातवारे करता येतात अशी दोन-तीन गीते वर्षभर पुरतात.

या दिवसांत एक शोधखेळही घ्यावा. घरात रोज बोलले जाणारे इंग्रजी शब्द मुलांनी गोळा करून आणावेत. बस, टॉवेल, डॉक्टर, स्वीच, मोबाइल अशी यादी पाहता पाहता फळा भरून टाकते, आणि ‘इंग्रजी येत नाही’ म्हणणाऱ्या मुलाच्या लक्षात येते की पन्नास शब्द त्याच्या खिशात आहेतच. गोव्यात या यादीत गंमत अशी होते की, मुले ‘जनेल’, ‘कदेल’, ‘चावी’, ‘बटाटा’ हेही शब्द इंग्रजी म्हणून आणतात. ते पोर्तुगीजांकडून आलेले आहेत हे सांगितले की भाषेच्या तासात थोडा इतिहासही होऊन जातो.

ऐकणे स्थिरावले की बोलण्याचे खेळ. यात एक कसोटी लावावी: बोलल्याशिवाय खेळ पुढे सरकतो काय? सरकत असेल तर तो बोलण्याचा खेळ नव्हे. शिक्षक पेन्सिल उंच धरून ‘व्हॉट इज धिस?’ विचारतो तेव्हा उत्तर विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असते. असा प्रश्न जगात शाळेबाहेर कोणी विचारत नाही. तीच पेन्सिल कापडी पिशवीत टाकली की चित्र पालटते. एका मुलाने पिशवीत हात घालून एक वस्तू चाचपावी, इतरांनी विचारावे: ‘इज इट अ की?’, ‘इज इट अ शेल?’ त्याने ‘नो, इट इज नॉट’ किंवा ‘येस, इट इज’ म्हणावे. प्रश्न करताना इंग्रजीत क्रियापद पुढे उडी घेते, मराठीत नुसते ‘का’ शेवटी जोडले की भागते. ही उलटापालट या खेळात तासाला वीस-पंचवीस वेळा तोंडातून जाते आणि कंटाळा येत नाही. पिशवीत किल्ली, शिंपला, सुपारी, करवंटी, खडू अशा वस्तू असाव्यात. एखाद्याने ‘इज इट अ करवंटी?’ विचारले तर दटावू नये. वाक्य इंग्रजी आहे; शब्द मागाहून येईल.

तिसरी-चौथीच्या मुलांसाठी भातुकलीचा बाजार मांडावा. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार उत्तर गोव्यातील मुलांनी पाहिलेला असतो. पाच मुले दुकानदार, प्रत्येकाजवळ भावाचा गुप्त कागद. एकाच वस्तूचा भाव प्रत्येक दुकानात निराळा. बाकीची मुले गिऱ्हाइके, प्रत्येकाजवळ कागदाचे पन्नास रुपये आणि चार जिन्नसांची यादी. पन्नासात चारही जिन्नस बसवावयाचे. भाव विचारल्याखेरीज गत्यंतर नाही आणि इतरांपेक्षा स्वस्त मिळाल्याचा आनंद लपत नाही. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बेंगळुरू, चेन्नई आदी ठिकाणच्या शाळांतून जो प्रयोग केला आणि १९८७ साली ग्रंथरूपाने मांडला, त्याचे सूत्र हेच होते. वेळापत्रक, नकाशा, हिशेब असे उलगडावयाचे काम वर्गापुढे ठेवले आणि मन त्या कामात गुंतले की भाषा मागोमाग येते. व्याकरणाचे धडे वेगळे द्यावे लागत नाहीत. परदेशी साहित्यावाचून, साध्या भारतीय शाळांत हे घडले, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

बाजार चालू असताना चुका होणारच. ‘आय वॉन्ट टू मँगो’ असे कोणी म्हटले तर खेळ थांबवून अनेकवचन समजावू नये. शिक्षकाने गिऱ्हाईक होऊन शेजारी उभे राहावे आणि ‘आय वॉन्ट टू मँगोज’ म्हणत स्वतः खरेदी करावी. मुले ऐकतात. लगेच नाही, पण ऐकतात.

वाचन-लेखनाचे खेळ याच्या पाठीवर यावेत. जे शब्द कानांना आणि जिभेला सरावले तेच पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर लिहून दारे-खिडक्यांना लावणे, पट्ट्या उतरवून मुलांकडून पुन्हा योग्य जागी लावून घेणे, वाळूत बोटाने अक्षर गिरवणे, एवढे पहिल्या दोन इयत्तांना पुष्कळ झाले.

आता व्यवहारातील अडचणी. कित्येक प्राथमिक शाळांत एकाच शिक्षकाला दोन किंवा चार इयत्ता एकत्र सांभाळाव्या लागतात. पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने ही आपत्ती असली तरी खेळाच्या दृष्टीने ती सोय ठरते: चौथीचे मूल हाक देते, पहिलीचे उडी मारते आणि दोघांचाही सराव होतो. खेळ दहा मिनिटांपेक्षा लांबवू नये. मुलांना हवासा असतानाच तो थांबवावा. खेळाचे नियम मराठीत किंवा कोकणीत सांगावेत. इंग्रजीच्या तासाला मराठी बोलल्यास दंड, ही प्रथा सर्वथा त्याज्य आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची वा स्थानिक भाषा हेच माध्यम असावे असे म्हटले आहे, आणि तीन ते आठ वर्षे वयोगटाचे शिक्षण खेळावर आधारलेले असावे असेही म्हटले आहे. ही दोन्ही सूत्रे एकत्र वाचली म्हणजे मराठी शाळेतील इंग्रजीची जागा स्पष्ट होते.

शिक्षकाच्या स्वतःच्या इंग्रजीचा प्रश्न नाजूक आहे, पण टाळण्याजोगा नाही. वर सांगितलेले सगळे खेळ मिळून तीस-चाळीस वाक्यांत चालतात. तेवढी वाक्ये कोणताही शिक्षक सुट्टीच्या आठवड्यात पक्की करू शकतो, आणि उच्चाराची शंका आली तर आज बहुतेकांच्या हातात असलेल्या मोबाइलवर तो शब्द ऐकता येतो. सर्व विषयांवर इंग्रजीत व्याख्यान देण्याची अपेक्षा कोणी केलेली नाही.

पालकांचा प्रश्न याहून अवघड. दोन महिने होऊनही मुलाच्या वहीत इंग्रजीचे पान कोरेच पाहिले की पालक अस्वस्थ होतात, आणि आजच्या दिवसांत त्या अस्वस्थतेचा शेवट पुष्कळदा शाळा सोडल्याच्या दाखल्यात होतो. मराठी शाळांचे पट ज्या कारणांनी घटतात त्यांत ‘येथे इंग्रजी येत नाही’ हे एक मोठे कारण आहे. त्यावर वही भरून दाखवणे हा उपाय नव्हे. ती वही पाहून समाधान मानणाऱ्या पालकाचे मूल चार वर्षांनीही ‘ब्रिंग मी द चॉक’ ऐकून मान खालीच घालील. पालक-शिक्षक संघाच्या सभेला पालकांना पंधरा मिनिटे आधी बोलवावे आणि आज्ञांचा खेळ त्यांच्या देखत घ्यावा, चार आज्ञा पालकांनाही द्याव्यात. आपण चुकलो आणि आपले मूल चुकले नाही, हे एकदा पाहिलेला पालक कोरी वही घेऊन तक्रारीला सहसा येत नाही.

मूल्यमापनासाठी वेगळी परीक्षा नको. एक साधी वही ठेवावी, रोज सहाच मुलांकडे लक्ष द्यावे आणि प्रत्येकापुढे एक ओळ लिहावी: ऐकून केले, पाहून केले, की शेजाऱ्याने सांगितल्यावर केले. पंधरा मुलांच्या वर्गात आठवड्यातून दोनदा प्रत्येकाचा क्रम येतो आणि शनिवार त्यांच्यासाठी मोकळा राहतो, ज्यांच्यापुढे दोन्ही वेळा ‘पाहून केले’ असेच लिहिलेले आहे. त्या दिवशी त्यांना पुढे बोलावू नये, प्रश्नही विचारू नये. तीच जुनी तीन आज्ञांची फेरी पुन्हा सर्वांची घ्यावी आणि शिक्षकाने त्यांच्या शेजारी उभे राहून आज्ञा द्याव्यात.